सावडीची पावलं

रावेत,
दि. २९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
अनिताचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज आटोपून आम्ही सुखरूप पोचलो. आईने बांधून दिलेल्या करंज्या दोन दिवसांत संपल्या. त्यातल्या जावयाने किती खाल्ल्या आणि नातीने किती, हे विचारू नका. ह्यांची या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे. कंपनीची बस तुमच्या फाट्यावर दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात हे पत्र नेहमीसारखं सोजरबाईंच्या चहाच्या टपरीवर ठेवतील. फोनवर ओरडून घसा बसवण्यापेक्षा हे बरं. तीस वर्षं फोर्जिंगच्या हातोड्यापाशी काढलीत आणि कान तिथेच ठेवून आलात. डोळे मात्र शाबूत आहेत, तेव्हा माझ्या अक्षराबद्दल कुरकुर करायची नाही.

आता काळजीचं. सोमवारी स्वरूपाला डॉक्टरांकडे नेलं होतं. अकरा वर्षांची पोर, वजन चौपन्न किलो. रक्तातली साखर काठावर आहे म्हणाले. औषध दिलं नाही. रोज चालवा, पळवा, घाम काढा आणि जानेवारीत पुन्हा दाखवा, एवढंच सांगितलं. त्यांना सांगायला काय जातंय! परवा सोसायटीची लिफ्ट बंद होती, तर चौथ्या मजल्यावर येईपर्यंत ही तीनदा पायरीवर बसली. खाली खेळायला जा म्हटलं की मोबाईल घेऊन सोफ्यात रुतते. मी रागावले, तेव्हा रडत रडत खरं काय ते बोलली. शाळेच्या मैदानावर दोन कॅप्टन एकेक गडी निवडतात, तेव्हा शेवटी हीच उरते, आणि ज्याच्या वाट्याला येते तो तोंड वाकडं करतो. म्हणून निवड सुरू व्हायच्या आधीच ही पाणी प्यायला जाते. बाबा, मला हे दोन वर्षं माहीतच नव्हतं.

पण एक बरी बातमी आहे. त्यांच्या शाळेत ‘गडवाट’ नावाचा मोबाईलवरचा खेळ सुरू होतोय. फोन कमरेच्या पिशवीत ठेवून चालायचं, म्हणजे पावलं मोजली जातात आणि पडद्यावरची मुलगी गड चढते. दोरीच्या उड्या, उठाबशा कॅमेऱ्यासमोर मारल्या की तटबंदी उभी राहते. दहा नोव्हेंबर ते सात डिसेंबर स्पर्धा आहे. सहा-सहा मुलांचे चार संघ, सगळ्यांची पावलं एकत्र. खेळाच्या शिक्षिका इंदुताईंनी संघ चिठ्ठ्या टाकून पाडले, त्यामुळे निवडायचा प्रश्नच आला नाही. माझा जुना फोन मी तिला दिलाय. मोबाईलपायी बसलेली पोर मोबाईलनेच उठते का, बघू.

आईला नमस्कार सांगा. तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली,
अनिता

•

आंबेठाण,
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनितास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचून तुझी आई दिवसभर देवघरात बसली आणि मी शेतात.

पोरगी शेवटी उरते हे वाचून मला फार राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. तू तिला रागावू नकोस. आपल्या घरात कुणी हाडकुळं नव्हतं आणि कुणी आळशीही नव्हतं. माझी आई हिच्याच अंगलोटाची होती. भाताचं पोतं एकटी उचलायची.

हा ‘गडवाट’ खेळ मला ठाऊक आहे बरं का! भाऊबिजेला आली होती तेव्हा सरावासाठी म्हणून तिने तो माझ्या फोनमध्येही घालून दिला, तिच्याच नावाने. मी बंडीच्या खिशात फोन टाकून विहिरीपर्यंत गेलो नि आलो, तर आकडा फिरलेला! मला मोठी गंमत वाटली. कंपनीत माझ्या हातोड्यावर असाच काटा होता, किती ठोके पडले ते दाखवायचा. तुझी आई म्हणते की म्हाताऱ्याला खुळखुळा मिळाला.

इकडे ठीक आहे. भात झोडून झाला. बिरू धनगराची मेंढरं खालच्या वावरात बसवली आहेत. त्याचा बाप यायचा तेव्हापासूनचा आपला घरोबा. तो आणि त्याची बायको गवराबाई महिनाभर तरी राहतील म्हणतात. शेताला खत होईल. पोरीला सांग, मागे हटायचं नाही. आम्ही तिच्या पाठीशी आहोत.

जावईबापूंना आशीर्वाद. आठवण ठेवत जा, पत्र टाकत जा.

तुझे बाबा,
सोनबा

•

रावेत,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
स्वरूपाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी पाकिटात चिकटवून बाबांच्या हातात दिलंय, म्हणजे आईने वाचलेलं नाही. तुम्हीही आईला सांगू नका. आजीला सांगितलं तरी चालेल, पण तिने शपथ घ्यायला पाहिजे.

पहिल्या दिवशी मी तीन हजार शंभर पावलं चालले. पाय इतके दुखले की आईने तेल लावून दिलं. नंतर चार हजार झाली, मग पाच. पडद्यावरच्या मुलीने पहिला दरवाजा ओलांडला, तेव्हा नगारा वाजला. तो नगारा मी चार वेळा वाजवून बघितला. आमच्या संघाचा कॅप्टन ओम आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला की पाच हजार वाईट नाही. तो कधीच कुणाला चांगलं म्हणत नाही, त्यामुळे मला हे चांगलंच वाटलं.

पण शुक्रवारी काहीतरी झालं. मी सहा हजार चालले होते आणि रात्री आकडा होता एकवीस हजार! शनिवारी अडतीस हजार. रविवारी मी घरीच होते, तरी चौतीस. मी काहीच केलं नव्हतं, आजोबा, आईशप्पथ! मला वाटलं खेळ बिघडला. सोमवारी इंदुताईंनी सगळ्या शाळेसमोर माझं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा संघ पहिला आला. मधल्या सुट्टीत संघातल्या मुलींनी मला मध्ये बसवलं आणि डब्यातलं दिलं. ओमने मला विचारलं की तू कसं करतेस, तर मी म्हटलं की आजोबांच्या घरचं रक्त आहे. हे खोटं नाही, पण खरंही नाही ना?

आज बुधवार. अजून मी कुणालाच सांगितलं नाही. पोटात दुखतं. सांगितलं तर मला परत कुणी मध्ये बसवणार नाही. तुम्हीच सांगा काय करू. लवकर लिहा.

तुमची लाडकी (अजून आहे ना?),
स्वरूपा

•

आंबेठाण,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपा बाळास,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

अगं वेडे, खेळ बिघडलेला नाही. ती पावलं आमची आहेत! मी तुला सांगणारच होतो, पण स्पर्धा संपल्यावर सांगून चकित करावं असं ठरवलं होतं. तुझं पोट दुखतंय म्हणून आत्ताच सांगतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत तुझा आकडा टपरीवर तुझ्या बाबांकडून, रणजीतरावांकडून, कळला. बाकीची पोरं आठ हजारांवर आणि तू तीनवर. मला राहवेना. मी सकाळ-संध्याकाळ बांधाने फेऱ्या मारल्या, तर तुझ्या नावावर एक पाऊलही वाढलं नाही. मग त्यांनीच टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं की नेट चालू केल्याशिवाय आकडा पुढे जात नाही. ते चालू केलं नि सगळं गेलं. पण माझे गुडघे काही तिशीतले नाहीत. तेव्हा सावड घातली.

तुला सावड ठाऊक नसेल. आपल्याकडे एका घराचं काम अडलं की चार घरची माणसं बैल-औतं घेऊन जातात आणि उरकून देतात. मजुरी नाही. पुढे त्यांचं काम निघालं की आपण जायचं. अशी आपली सगळी लावणी झालेली आहे. मी बिरूला म्हटलं की नातीचं काम अडलंय. त्याने एका शब्दाने विचारलं नाही की कसलं काम. फोन मुंडाशात खोचला आणि मेंढरांमागे गेला. संध्याकाळी बत्तीस हजार! दुसऱ्या दिवशी गवराबाईने नेला. तिचा निरोप आहे की पोरीला म्हणावं, तुझा गड आमी चढवतो. आणि बिरूकडे एक दिवस मी जाणार आहे, त्याची सावड फेडायला. म्हणजे कुणाचं कुणावर काही राहत नाही.

तेव्हा तू ताठ मानेने मध्ये बस आणि डबा खा. तुझ्यामागे अख्खं वावर आहे.

सदैव तुझाच,
आजोबा

•

रावेत,
दि. २५ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
सा. न.

तुमचं पत्र मी सहा वेळा वाचलं. आधी मला खूप हसू आलं. बिरूमामा माझ्यासाठी एवढे चालले म्हणून रडूही आलं. पण आजोबा, शाळेत याला सावड म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. दुसऱ्या संघात एक मुलगी आहे, तिचा पाय मोडलेला होता, ती लंगडत सात हजार चालते. तिच्या आजोबांना मेंढपाळ ओळखत नाहीत.

काल मी इंदुताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की सगळ्यांना तूच सांगशील का. मी सांगितलं. आवाज येत नव्हता, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी माझी सगळी पावलं काढून टाकली, कारण त्यातली माझी कुठली आणि तुमची कुठली हे खेळाला कळत नाही. माझी खरी पावलंसुद्धा गेली. माझी मुलगी गडाच्या पायथ्याशी आली आणि आमचा संघ शेवटी. आज डबा मी एकटीने खाल्ला.

मी तुमच्यावर रागावले नाही. थोडी रागावले आहे. तुमच्या फोनमधून माझं नाव काढून टाका. खालच्या कोपऱ्यात लाल बटण आहे.

तुमची,
स्वरूपा

•

आंबेठाण,
दि. २६ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास आशीर्वाद.

लाल बटण दाबलं. नाव गेलं.

बाळा, चुकलं माझं. मला वाटलं काम उरकायचंय. तुला कामच शिकायचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पत्र वाचल्यापासून तुझी आजी माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे बोलत असेल, मला ऐकू येत नाही, पण तोंडावरून कळतं. तुझी खरी पावलंही माझ्यामुळे गेली, त्याचं फार वाईट वाटतं.

तू उभी राहून सांगितलंस, ते मी बिरूला सांगितलं.   तो म्हणाला की पोरगी खमकी हाय.

रागावली असलीस तरी दोन ओळी धाडत जा.

तुझा अपराधी,
आजोबा

•

रावेत,
दि. ४ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही तिला लिहिलेली पत्रं आता माझ्यापुढे आहेत. स्वरूपाने स्वतःच आणून दिली. बाबा, खरं सांगते, आधी तुमचा असा संताप आला की ओव्हरटाइम करून आलेल्या ह्यांच्यावर मी तो काढला. नेटचं ह्यांनीच सांगितलं ना! मग रात्री पुन्हा वाचलं आणि राग टिकला नाही. कुणाच्या नातीसाठी धनगर मुंडाशात फोन खोचून फिरतो?

आता हिचं ऐका. शाळेत सांगून आली त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं, सुटला हा खेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला हलवून उठवलं. फोन कमरेला बांधलेला, बूट घातलेले. म्हणाली, शून्यावरून सुरू करायचंय, खाली चल. अंधारात आम्ही दोघी सोसायटीच्या भिंतीकडेने फिरलो. चार हजार झाली. संध्याकाळी जिने. तेव्हापासून रोज. कॅमेऱ्यासमोर उठाबशा काढताना ती मोठ्याने मोजते आणि खालच्या मजल्यावरचे लोक विचारतात की कुणाला शिक्षा झालीय. परवा एका दिवसात नऊ हजार भरली. कुणाच्या मदतीशिवाय, एकटीची. पडद्यावरची ती मुलगी दुसऱ्या दरवाजाशी आली आणि नगारा वाजला, तेव्हा मी पोळ्या सोडून नाचले, बाबा. काल मुद्दाम लिफ्ट सोडून चौथ्या मजल्यावर आली, कुठे न बसता. दारात उभी राहून धापा टाकत हसत होती. तो चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

संघातली मुलं आठवडाभर बोलत नव्हती. मग एका पहाटे ओम बूट घालून खाली आला आणि काही न बोलता आमच्याबरोबर चालायला लागला. आता तिघं-चौघं येतात. संघ तिसरा आहे. दुसऱ्यापेक्षा चौदा हजार पावलांनी मागे. रविवारी शेवटचा दिवस.

आणि त्याच रविवारी हिला आंबेठाणला यायचंय! बिरूची सावड फेडायला. मी म्हटलं, आजोबा जाणार आहेत ना. तर म्हणते की पावलं माझ्या नावावर पडली होती, मग दिवसही मीच द्यायचा. तुम्ही मला कधी उलट बोलू दिलं नाहीत. आता नात बोलते, तर ऐका. ओमचं म्हणणं की छान, फोन बांधून जा, दिवसभरात वीस हजार सहज होतील, आपण दुसरे येऊ. यात खोटंही काही नाही, तिचेच पाय. पण स्वरूपा म्हणाली की तो दिवस बिरूमामांचा आहे, त्यातलं आपल्यासाठी काढून घ्यायचं नाही. फोन आजीकडे ठेवीन. ओम चिडला, पण आज सकाळी आला मात्र.

शनिवारी संध्याकाळी हे तिला सोडून जातील. मेंढरांमागे दिवसभर झेपेल का, या विचाराने माझा जीव खाली-वर होतोय. दमली तर घरी आणा, तिच्या हट्टाला भुलू नका. आणि काय झालं ते सगळं लिहा. काही गाळू नका.

आईला नमस्कार. माझ्यावरचा राग असला तर सोडा, माझा मी सोडलाय.

आपली,
अनिता

•

आंबेठाण,
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. सौ. अनितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरगी काल तुझ्याकडे पोचली असेल आणि जेवता जेवता झोपली असेल. तिने निम्मं सांगितलं असणार. बाकीचं मी लिहितो. तू काही गाळू नका म्हणालीस, तेव्हा वाचताना घाबरायचं नाही.

शनिवारी आल्या आल्या तिने फोन काढला आणि आजीच्या हाती दिला. माझ्या हाती दिला नाही, हे मी पाहिलं. तुझ्या आईने तो बंद करून ट्रंकेत टाकला आणि ट्रंकेची किल्ली कमरेला खोचली. या घरात माझी पत ही अशी राहिली आहे.

रविवारी उजाडता उजाडता ती वावरात गेली. थंडी मरणाची होती. गवराबाईने तिला भाकरी बांधून दिली आणि हातात काठी दिली. माझं मन घरी रमेना, म्हणून मीही लांबून मागे गेलो. मदतीला म्हणून नाही, नुसता बघायला. टेकडीच्या अंगाने ती मंडळी पडीक रानात उतरली आणि तिथून कंपन्यांच्या भिंतीकडेच्या गवताला लागली. पहिल्या तासात ती दोनदा मागे पडली. बिरू थांबला नाही. मेंढरं थांबत नाहीत, तर तो कसा थांबेल. प्रत्येक वेळी ती चार ढांगा पळून पुन्हा कळपाला मिळाली. दुपारी बाभळीखाली सगळे बसले, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं की झालं तेवढं पुरे, चल घरी. तिने तोंडात भाकरी असतानाच मान हलवली. पायाला फोड आला होता, तो गवराबाईने पाहिला आणि फडकं बांधलं.

तिसऱ्या प्रहरी मोठा रस्ता ओलांडायचा होता. पुढे बिरू, मध्ये शंभरावर मेंढरं, शेपटाला तुझी लेक. निम्मा कळप पलीकडे गेला आणि एक कंटेनर येऊन उभा राहिला. भोंगा इतका मोठा की मलासुद्धा ऐकू आला!  एक लंगडी मेंढी आणि तिचं कोकरू मागे राहिलं होतं. स्वरूपाने काठी आडवी धरली, तोंड कंटेनरकडे केलं आणि ते दोन्ही जीव पार होईपर्यंत जागची हलली नाही. ड्रायव्हरने शेवटी भोंगा बंद केला. मग ती सावकाश गेली, पळाली नाही. अनिता, अंगात रग असलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. घणाशी उभं राहणारी पाहिली. पण काल मला रस्त्याच्या कडेला धुळीत बसून डोळे पुसावे लागले.

दिवस मावळताना कळप वावरात परत आला. पोरगी गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेली, केसांत काड्या. काठी गवराबाईला परत दिली आणि मगच खाली बसली. तिचा संघ तिसराच राहणार हे तिला ठाऊक होतं. तिने ते मला स्वतःहून सांगितलं आणि पाणी मागितलं.

आता शेवटचं. आपल्याकडे सावडीत लहान पोराचा दिवस अर्धा धरतात. तू चौदा वर्षांची होईपर्यंत तुझाही अर्धाच धरला. म्हणून रीतीप्रमाणे मी बिरूला म्हणालो की अर्धा दिवस फिटला, उरलेला अर्धा द्यायला उद्या मी येतो. तो मेंढरं मोजत होता. त्याने मोजणी पुरी केली आणि म्हणाला की अर्धा कुणाचा? पोरीचा दिवस पुरा हाय. ती शेजारीच बसली होती, तिने मान वर केली. मला ऐकू गेलं नाही असं वाटून बिरूने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तरी मी त्याला पुन्हा सांगू दिलं.

जावईबापूंना आशीर्वाद. पोरीच्या पायाच्या फोडाला खोबरेल लाव. आम्हा दोघांवर जीव आहे तसाच असू दे.

तुझे बाबा,
सोनबा